पुढाऱ्याने दुःखिताचे दार ओळखावे

वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तेव्हा चौदाच दिवस झाले होते. दोघांनीही पुत्रशोक भोगला होता. गोविंदा गेल्याची खबर ऐकूनही गाडगेबाबांनी कीर्तन पुरे केले. जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी मित्राला पत्र लिहून मन मोकळे केले. पुढच्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला. शोकाच्या वाटा दोन, दोन्ही खऱ्या. म्हणून ‘रडू नका’ असे कोणाला सांगू नये.

आपल्या वस्तीत पुण्यानुमोदनापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. नंतर कोणी फिरकत नाही. मंडळाच्या अध्यक्षाचे, मुख्याध्यापकाचे, बचत गटाच्या ताईचे काम तिथून सुरू होते. आठवड्यातून एकदा जावे. उपदेश न करता ऐकावे. गेलेल्याचे नाव टाळू नये. मृत्यूचा दाखला, पेन्शनचा अर्ज, पोराची फी, यांतले एक काम अंगावर घ्यावे. दुःखात असलेल्या कार्यकर्त्याचे ओझे हलके करावे, त्याचे पद काढू नये. परत यायला त्याला जागा उरली पाहिजे.

भाषण कसे करावे हे आपण तरुणांना शिकवतो. आता गप्प बसून ऐकायलाही शिकवू या.