पेडल दाबण्याआधी बोला!

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये 'ब्रेक फ्लुइड' फारसं कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात 'ब्रेक ऑइल'. मीही तेच म्हणायचो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि शाळा कॉन्व्हेंटची, म्हणजे झाकणावरचं इंग्रजी वाचता येत नाही अशातलाही भाग नाही! पण त्या 'ऑइल' शब्दाने माझा घात केला. निदान तेव्हा मी स्वतःची तशी समजूत काढली होती. खरा घात कशाने झाला ते पुढे सांगतो.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडून माझी 'इंजिनिअरगिरी' चालली होती. ब्रेकच्या डबीतली पातळी खालच्या रेघेला टेकलेली. शेल्फवर एक अर्धी बाटली होती, ऑइलचीच. ओतली! पातळी वरच्या रेघेला, आणि मी स्वतःवर खूष. रात्री बाटली जागेवर ठेवताना लेबल नीट वाचलं. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, ऑइल ते ऑइल. नाही मित्रांनो! आपल्या गाड्यांत वापरतात ते डॉट ३ किंवा डॉट ४ फ्लुइड ग्लायकॉल इथरपासून बनतं. ते पाण्यात मिसळतं. तेल नाहीच ते. मास्टर सिलिंडरमधले कप, कॅलिपरची सीलं अशी ब्रेकमधली रबरं साधारणपणे ईपीडीएम जातीची असतात. ब्रेक फ्लुइडमध्ये ती वर्षानुवर्षं टिकतात, पण पेट्रोलियम तेल लागलं की भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगतात. ब्रेक सोडल्यावर फ्लुइड डबीत परत जाण्यासाठी मास्टर सिलिंडरला एक बारीक भोक असतं. फुगलेला कप तेच भोक झाकून बसतो. मग पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही, चाक घासत राहतं आणि सगळं तापतं.

पुढचा धोका त्या तापण्यात आहे. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही अट १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. फ्लुइड उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल थेट तळाला जातं आणि पास्कलचा नियम पुस्तकातच राहतो!

त्या रात्री मला यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नव्हतं. पण काहीतरी चुकलंय हे पक्कं कळलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो. का? बिलाची भीती होतीच. त्याहून जास्त भीती एका वाक्याची होती, "अरे, इंजिनिअर ना तू?" मनाशी म्हटलं, थोडंसंच तर आहे, मिसळून जाईल. सकाळी बाबा गाडी घेऊन ऑफिसला गेले. ब्रेक उत्तम लागले! फसवणूक इथेच होते. रबर फुगायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं ठीकच वाटतं.

चौथ्या दिवशी राहवेना म्हणून डबीचं झाकण उघडलं. आतला रबरी पडदा फुगून वेडावाकडा झाला होता, परत बसेचना. एका जुन्या बाटलीत पाणी घेऊन डबीतले चार थेंब टाकले, तर वर तेलाचा तवंग. आणि रविवारी आजीला घेऊन महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं, पसरणी घाटातून! मग मात्र बाबांना सगळं सांगितलं.

बाबा रागावले, पण नंतर. आधी त्यांनी गाडीची किल्ली कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून गॅरेजला नेली. मिस्त्रीकाकांचा पहिला प्रश्न, "ओतल्यावर ब्रेक मारला का?" म्हटलं, चार दिवस गाडी चाललीय. "मग सगळं रबर बदला." नुसतं फ्लश करून नाही का चालणार? काका म्हणाले, "जे रबर तेल प्यायलं, ते प्यायलं. धुऊन ते परत ओकत नाही." मास्टर सिलिंडर, पुढच्या कॅलिपरची सीलं, मागच्या व्हील सिलिंडरचे कप, सगळे होज बदलले. लोखंडी पाइप क्लीनरने धुऊन हवेने साफ केले, नवं फ्लुइड भरलं, चारही चाकांची हवा काढली. टायरसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. गाडी जुनी म्हणून एबीएस नव्हतं, तेवढं वाचलं. २०१९ पासून ते नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. त्याच्या युनिटमध्ये तेल शिरलं, तर बिल कुठल्या कुठे जाईल.

"त्याच रात्री बोलला असतास," काका म्हणाले, "तर सिरिंजने डबी उपसली असती, काढून धुतली असती, नवं फ्लुइड भरलं असतं. पेडल दाबलं नव्हतं ना!"

म्हणून माझं मत असं, की चूक बाटलीची नव्हती आणि 'ऑइल' या शब्दाचीही नव्हती. चुकीचं काही ओतलं जाणं कुणाच्याही हातून होईल. महागात पडले ते गप्प राहिल्याचे चार दिवस. आणि गप्प राहायचं आपण इथेच तर शिकतो! प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ येईना की रीडिंग 'ॲडजस्ट' करतो, कारण खरं रीडिंग दाखवलं तर ओरडा आणि खोटं दाखवलं तर सही. गॅरेजमधलं पोरगंसुद्धा थप्पड बसेल म्हणूनच बोलत नाही. मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात मात्र नियम आहे. जो स्वतःहून सांगेल त्याला ओरडायचं नाही, आधी गाडी बाजूला घ्यायची.

आपल्या कॉलेजची गो-कार्ट टीम याच वर्कशॉपमध्ये काम करते. रॅकवर पाच-सहा बाटल्या असतात, निम्म्यांची लेबलं पुसलेली. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव लिहा, 'ब्रेक फ्लुइड' हेच नाव वापरा, आणि काकांचा नियम भिंतीवर लावा. लेबलं लिहायला मी येतो. नियम पाळायचं मात्र सरांनी आणि सीनियर्सनी मनावर घ्यायला हवं. बघा, पटतंय का!