महाविद्यालयीन नियतकालिकाची पृष्ठरचना : एक दुर्लक्षित वाङ्मयीन प्रश्न

महाविद्यालयीन नियतकालिकांविषयी जे थोडे लेखन मराठीत झाले आहे, ते बहुतांशी त्यांतील साहित्याविषयी आहे. अंकात कविता किती, कथा किती, त्यांतून पुढे कोण लेखक झाले, यांची चर्चा होते. ते साहित्य पानावर कसे मांडले गेले, हा प्रश्न मात्र मुद्रणालयाचा समजून सोडून दिला जातो. वस्तुतः पृष्ठरचना हा संपादनाचाच भाग आहे. कोणता मजकूर आधी, कोणत्या अक्षरात, केवढ्या जागेत आणि कशाच्या शेजारी, हे निर्णय म्हणजे मूल्यनिर्णयच होत. ते संपादकाने घेतले नाहीत, तर दुसरे कोणीतरी घेते, एवढाच फरक.

नागपूर परिसरातील कोणताही वार्षिकांक उघडावा. पहिला फर्मा बहुधा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, शुभसंदेश, प्राचार्यांचे मनोगत आणि अहवाल यांनी व्यापलेला असतो. विद्यार्थ्याचे लेखन त्यानंतर सुरू होते, आणि पाने कमी पडली की कात्री त्यालाच लागते. कवितेची स्थिती अधिक शोचनीय. लेख संपल्यावर उरलेल्या जागेत तिला बसवतात. जागा अपुरी असेल तर दोन ओळींची एक ओळ होते, कडव्यांमधील अंतर नाहीसे होते. मुक्तछंदात ओळ कोठे तुटते यालाच अर्थ असतो. ती ओळ स्तंभाच्या रुंदीसाठी मोडली, तर छापली जाते ती विद्यार्थ्याची कविता नव्हे. वर्गात नवकवितेच्या रचनाबंधावर तासन् तास बोलणाऱ्या विभागाच्या नियतकालिकातच हे घडावे, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

नागपूरच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९५६ पूर्वी हे शहर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषकांच्या प्रांताची राजधानी होते. १९२३ साली स्थापन झालेल्या येथील विद्यापीठाच्या परिसरात अनेक भाषा नांदत आल्या आहेत. येथील वार्षिकांकात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि क्वचित संस्कृत किंवा उर्दू असे विभाग असणे स्वाभाविकच होय. शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होते आणि नागपूर महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्यांचे ज्येष्ठ बंधू गजानन माधव हिंदीत लिहीत होते आणि काही वर्षे याच शहरात पत्रकारिता करीत होते. दोघांची लिपी एकच, देवनागरी. तथापि, छापील मराठी आणि छापील हिंदी यांची वळणे अगदी एक नाहीत. मराठी 'ल' आणि 'श' यांचे रूढ आकार हिंदीतील प्रचलित आकारांहून वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ आणि पुन्हा २०२२ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढले, त्यामागे ही वळणे सांभाळण्याचीही दृष्टी होती.

असे असूनही अनेक अंकांत मराठी विभाग हिंदी वळणाच्या अक्षरांत छापला जातो. कारण वैचारिक नसते. संगणकावर जो फॉन्ट आधीपासून असतो तो वापरला जातो, इतकेच. 'ल' आणि 'श' यांच्या आकाराने अर्थ बिघडत नाही, असे यावर म्हणता येईल. परंतु 'ऱ्य'चे तसे नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना', 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद मराठीत अर्थाचा भेद आहे. हिंदीच्या सवयीने टंकलेखन करणाऱ्यास तो ठाऊक नसतो, आणि अक्षरनिवडीचा विचार न करणाऱ्या संपादक मंडळाच्या तो मुद्रितांतही निसटतो. तेव्हा विद्वान आचार्यांचा स्वयंपाकी होण्यास एक खूण पुरते. पृष्ठरचना अर्थापर्यंत पोचते ती अशी.

या अनास्थेचे एक कारण तंत्रातील बदलात आहे. खिळेजुळणीच्या काळात निर्णय सावकाश घ्यावे लागत. एक ओळ वाढली तर पुढचे पान हलत असे. म्हणून जुळारी, मुद्रितशोधक आणि संपादक यांना एकमेकांशी बोलावेच लागे. त्या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मोडके खिळे आणि उडालेल्या मात्रा हेही त्याच काळाचे वैभव. परंतु संगणकावरील जुळणीने पान हलवणे सोपे केले, आणि सोपे झालेले काम विचाराविना होऊ लागले. तयार साच्यात मजकूर ओतला की अंक तयार होतो. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा, वेलांट्या आणि रफार, तर खाली उकार आणि जोडाक्षरे येतात. म्हणून तिच्या ओळींना रोमनपेक्षा अधिक मोकळे अंतर लागते. इंग्रजी विभागासाठी ठरवलेले अंतर तसेच मराठीला लावले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि पान वाचवेनासे होते.

साधने नाहीत, ही सबब मराठीच्या इतिहासात टिकत नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये सुरू केलेले 'शब्द' चक्रमुद्रित होते. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणातून १९६७ नंतर 'अस्मिता' आणि पुढे 'अस्मितादर्श' उभे राहिले, ते काही गुळगुळीत कागदाच्या बळावर नव्हे. पानावर कोणाचा शब्द आधी यावा, याविषयी त्या मंडळींना निश्चित भूमिका होती. आजच्या वार्षिकांकाजवळ रंगीत छपाई आहे. उणीव आहे ती या भूमिकेची.

मांडणी हा उपयोजित कलेचा प्रांत आहे, मराठीच्या अध्यापकाने त्यात पडू नये, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः मान्य करता येतो. सजावट, रंग, मुखपृष्ठ यांसाठी चित्रकाराचे साह्य घ्यावेच. परंतु कविता कोठे मोडू नये, अवतरण कोठे वेगळे दिसावे, हे सांगणे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे. र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षराचा विचार लिपी आणि भाषा यांच्यासह केला. तो वारसा केवळ कलाशाळांनी सांभाळावा असे नाही.

यासाठी फार खर्चाची गरज नाही. मुद्रणालयात जाण्यापूर्वी अंकाचा कच्चा नमुना विद्यार्थी संपादकांनी स्वतः तयार करावा. औपचारिक संदेश आणि अहवाल अंकाच्या अखेरीस न्यावेत. प्रत्येक कवितेला तिचे पान द्यावे. त्यासाठी कविता कमी निवडाव्या लागल्या तर निवडही अधिक जबाबदारीने होईल. मराठी विभागासाठी मराठी वळणाचा युनिकोड फॉन्ट ठरवावा आणि 'ऱ्य'साठी मुद्रिते स्वतंत्रपणे तपासावीत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात संपादनाचे प्रात्यक्षिक असेल, तर विभागाचे नियतकालिक हेच त्याचे साधन व्हावे.

मूल्यांकन समितीपुढे ठेवण्याचा पुरावा एवढेच वार्षिकांकाचे प्रयोजन उरले असेल, तर हा सर्व खटाटोप अनाठायी ठरेल. परंतु खेड्यातून नागपुरात शिकायला आलेल्या एखाद्या विद्यार्थिनीचे नाव पहिल्यांदा छापले जाते ते याच अंकात. तिची कविता जाहिरातीच्या डोक्यावर कोंबलेली दिसते, तेव्हा आपल्या शब्दाची किंमत काय, याचा पहिला धडा तिला मिळतो. तो धडा कोणता असावा, हे मराठीच्या अध्यापकांनीच ठरवायचे आहे.