तारीख कोणाची?

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच संतप्त जमावाने गुंड अक्कू यादवला ठार केले. तो जामिनावर सुटणार, या भीतीने कस्तुरबानगर धास्तावले होते. त्या हत्येचे समर्थन नको. पण न्यायासन मौन पाळते तेथे आवई राज्य करते.

अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने पीडितांना जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क आला. २०२४पासून लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिता तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवायला सांगते. खटला उभा राहिल्यावर मात्र सर्वच पीडितांना प्रत्येक तारीख कळवण्याचे बंधन नाही. मजूर स्त्रीने रोजी बुडवून न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्यात काय? सरकार फिर्यादी झाले म्हणून पीडित परका ठरत नाही. जामीन, तहकुबी, निकाल यांची मराठीत लेखी सूचना हा सर्वांचाच हक्क झाला पाहिजे.