दिवा विझला, म्हणजे काय समजायचं?

साताऱ्याच्या एका शिक्षिकेचं पत्र या आठवड्यात आलं आणि संताप झाला. त्यांचा लॅपटॉप ८० टक्क्यांवर अडायचा. दुरुस्तीवाल्याने चार्जिंगच्या दिव्याकडे पाहून निकाल दिला, ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ बॅटरी ठणठणीत होती. कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी जपण्याची सोय चालू होती आणि तीच ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवत होती. लेनोवो, असूस, डेल अशा बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर ती वेगवेगळ्या नावांनी असते. नेहमीचा लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो. त्या टोकाला, त्यातही उष्णतेत, तो महिनोन्‌महिने ठेवला तर त्याचं आयुष्य घटतं. म्हणून लॅपटॉप कायम प्लगला लावून वापरणाऱ्यांनी ही सोय चालूच ठेवावी, हे मी इथे पूर्वीही लिहिलं आहे.

पण त्या बाईंची फसगत झाली ती दिव्यामुळे. डेलच्या अनेक लॅपटॉपवर पांढरा दिवा म्हणजे चार्जिंग चालू, नारिंगी म्हणजे बॅटरी उतरत आली आणि दिवा विझला म्हणजे बॅटरी पूर्ण भरली. ॲपलच्या मॅगसेफ वायरीवर नारिंगी म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे भरली. असूसच्या बऱ्याच मॉडेलांवर ९५ टक्के झाले की नारिंगी जाऊन पांढरा येतो. म्हणजे तोच नारिंगी एका घरात धोक्याचा आणि शेजारच्या घरात सगळं सुरळीत असल्याचा.

याच्या शेजारी रेल्वेचा सिग्नल ठेवून पाहा. लाल म्हणजे थांबा. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल ठरलेल्या कमी वेगाने ओलांडायच्या तयारीत राहा. हिरवा म्हणजे निघा. कल्याणचा लोको पायलट भुसावळला गेला, तरी त्याला रंग नव्याने शिकावे लागत नाहीत. सिग्नलचे खांब, दिवे, यंत्रणा वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात, पण रंगाचा अर्थ ठरवायचा अधिकार एकाही कारखान्याला नाही. त्याहून मोलाचा नियम विझलेल्या दिव्याचा आहे. थांबायला लावू शकणाऱ्या सिग्नलचा दिवा गेला, तर तो लालच आहे असं धरून गाडी थांबवायची. अंधार कधीही ‘ठीक आहे’ असं सांगत नाही.

लॅपटॉपमध्ये नेमकं उलटं झालं आहे. दिवा विझला, तर बॅटरी भरली असेल, पिन सैल झाली असेल, चार्जर मेला असेल किंवा बोर्डात वीजच नसेल. चार शक्यता आणि खूण एकच. त्यातच चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात प्रवाह मुद्दाम कमी केला जातो, म्हणून वरचे दहा-पंधरा टक्के रेंगाळतात. तोवर माणूस चार्जर काढून-घालून पाहतो आणि सॉकेट ढिलं करून बसतो.

यावर कंपन्या म्हणतील, माहितीपुस्तिका वाचा. कुठली पुस्तिका? खोक्यातून निघते ती घडी घातलेली चिठ्ठी. सगळं इंटरनेटवर, तेही इंग्रजीत. मराठीत छापलेली दोन पानं खोक्यात असती, तर दुरुस्तीच्या दुकानांतली निम्मी गर्दी ओसरली असती, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

सगळ्या कंपन्यांच्या दिव्यांना एकच अर्थ देणं अशक्य नाही. युरोपीय संघाने चार्जरच्या तोंडाबाबत ते करून दाखवलं. फोनला २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून यूएसबी-सी सक्तीचं झालं, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. तोंड एक करता येतं, तर दिव्याची भाषाही एक करता येईल. चार्जिंग, भरलं, मुद्दाम थांबवलं, बिघाड, एवढ्या चार खुणा पुरेत. त्यातल्या एकीलाही अंधार वापरू नये. भारतीय मानक ब्युरोने हे काम हाती घ्यावं.

तोवर वाचकांना एकच विनंती. दिव्याकडे बोट दाखवून कोणी बॅटरी बदलायला सांगितलं, तर आधी चार्जिंगची मर्यादा लावली आहे का ते पाहा. मग विंडोजला बॅटरीचा अहवाल काढायला लावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती जास्तीत जास्त किती भरते, हे दोन्ही आकडे येतात. ते समोर ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका.