मराठी टाइप करताय? मग युनिकोडमध्येच करा!

शिक्षक मित्रांनो, आपण मेहनतीने प्रश्नपत्रिका, निबंध टाइप करतो. पण फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. असं का होतं?

क्रुतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक मराठी साठवतच नाही. आपण 'कमल' लिहितो, आत मात्र डी, ई, वाय हीच अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. युनिकोडचं तसं नाही. १९९१ पासून त्यात देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. 'क' म्हणजे २३२५, मग फोन कोणताही असो.

माझं स्पष्ट मत आहे, शाळेतलं सगळं मराठी लेखन युनिकोडमध्येच व्हावं. "हाताला रेमिंग्टनची सवय आहे" असं बरेच जण म्हणतात. पण तोच कीबोर्ड युनिकोडसाठीही मिळतो! उलट जुन्या फॉन्टमधला मजकूर मराठी शब्द टाकून शोधला तर सापडत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर तो वाचून दाखवू शकत नाही. हे नुकसान मुलांचं आहे.

पालकांनो, तुम्हीही मोबाइलवर मराठी कीबोर्ड सुरू करून द्या. मुलांना 'आई' हा शब्द देवनागरीतच लिहू द्या.