कुंडमळ्याचा पूल : फाइल 7 दिवसांत हलायला हवी, असा कायदा आहे. मग 11 महिने कुठे गेले?

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की त्यात काही गंभीर आहे असं वाटतच नाही. लोणावळ्यातल्या गर्दीवर रील, तहसील कार्यालयातल्या ‘लंच टाइम’वर मीम. बघायचं, हसायचं, पुढे जायचं. पण मावळात या दिरंगाईची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागली आहे.

15 जून 2025, रविवार. पावसाळा सुरू झाला होता आणि तळेगाव दाभाड्याजवळच्या कुंडमळ्यात पर्यटकांची गर्दी होती. इंद्रायणीवरचा तिथला जुना, अरुंद लोखंडी पूल दुपारी कोसळला. 4 जणांचा मृत्यू झाला आणि 50 हून अधिक जण जखमी झाले. मृतांच्या नातेवाईकांना 5 लाखांची मदत जाहीर झाली, नेते येऊन गेले, चौकशी समिती नेमली गेली.

पूल धोकादायक आहे हे आधी कोणाला माहीत नव्हतं का? तर होतं. गावकऱ्यांना माहीत होतं आणि प्रशासनालाही. तिथे धोक्याची सूचना देणारा फलक होता. नव्या पुलाचा विषय कागदावर होता, त्याबद्दल तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांचं जुलै 2024 मधलं पत्र दुर्घटनेनंतर सगळीकडे फिरलं. नव्या पुलासाठी सुमारे 8 कोटी रुपये मंजूर झाले होते आणि कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर, दुर्घटनेच्या काही दिवस आधीच निघाली होती.

म्हणजे सगळं ‘प्रोसेसमध्ये’ होतं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात एक कायदा आहे, ज्याला बोलीत ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणतात. 2005 चा. अण्णा हजारेंनी त्यासाठी आंदोलनं केली होती. त्याचं अधिकृत नाव एका दमात वाचता येत नाही, पण त्यातलं कलम 10 अगदी सोपं आहे. कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीची असेल तर 4 दिवस. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर 45 दिवसांत निर्णय, गरज असेल तर 3 महिन्यांत. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. न्यायालयातली किंवा मोठ्या धोरणात्मक निर्णयांची प्रकरणं यातून वगळली आहेत, पण बाकी बऱ्याच कामांना हे लागू होतं.

आता जरा हिशोब करा. जुलै 2024 ते जून 2025 म्हणजे 11 महिने. पाच दिवसांच्या आठवड्यात सुट्ट्या वजा जाता साधारण 230 कामाचे दिवस. दर टेबलाला 7 दिवस धरले तरी फाइल 30 हून जास्त टेबलांवरून फिरून आली असती. मध्ये विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता होती, टेंडरलाही वेळ लागतो, हे मान्य. तरीही गणित जमत नाही.

की जमतं? माझ्या मते खरी गोम इथेच आहे. कायदा फाइल ‘पडून’ राहू नये म्हणतो. ती हलली की नियम पाळला गेला. ‘अभिप्रायार्थ सादर’, ‘त्रुटींच्या पूर्ततेसाठी परत’, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असं लिहून कागद पुढच्या टेबलावर गेला की आपल्या टेबलावरचा दिवस साफ. कोणी कामचुकारपणा केला असं सिद्धच होत नाही, कारण प्रत्येकाने आपलं काम केलेलं असतं. पूल मात्र तिथेच असतो. धोकादायक पुलावर फलक लावणं हेसुद्धा असंच एक पुढे ढकललेलं काम आहे. फलक लावला की जबाबदारी वाचणाऱ्याची. कुंडमळ्यात त्या दिवशी लोक पुलावर उभे होते, दुचाक्याही होत्या. रस्ता खरोखर बंद करणं हे कोणाचं काम होतं, या प्रश्नाला एका माणसाचं नाव हे उत्तर नाही.

त्यात याच कायद्याच्या पहिल्या भागात बदल्यांचे नियम आहेत. एका पदावर साधारण 3 वर्षं. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे, पण पत्र घेणारा साहेब एक, टिपणी लिहिणारा दुसरा आणि दुर्घटनेनंतर उत्तर देणारा तिसरा, हे आपल्याकडे नेहमीचंच.

भुशी डॅमवर काय झालं होतं?

कुंडमळ्याच्या वर्षभर आधी, 30 जून 2024 रोजी, लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले 5 जण वाहून गेले. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. धरण रेल्वेचं, मागचा डोंगर वन विभागाचा, शहर नगरपरिषदेचं, बंदोबस्त पोलिसांचा. दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने धोकादायक जागा ठरवायला सांगितल्या, मनाई आदेश काढले, टपऱ्या हटवल्या. हे सगळं काही दिवसांत झालं! एरवी चार कार्यालयांत विभागलेली जागा तेव्हा अचानक एकाच प्रशासनाची झाली.

मग कर्मचारी आळशी आहेत का?

काही आहेत, नाही कशाला म्हणायचं. दुपारी तीननंतर रिकाम्या खुर्च्या सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. मंजूर पदं रिक्त असतात, एका तलाठ्याकडे अनेक गावं असतात, हेही तितकंच खरं. पण दाखल्यांचं उदाहरण बघा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे आणि प्रत्येक सेवेसाठी एक ‘पदनिर्देशित अधिकारी’ आहे. सबळ कारण नसताना उशीर केला तर त्याला स्वतःच्या खिशातून 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. त्यावर दोन अपिलं खात्यातच करता येतात, तिसरं आयोगाकडे. दंडाची रक्कम मोठी नाही, पण तिथे जबाबदार माणूस आधीच ठरलेला असतो. धोकादायक पूल बंद करण्यासाठी असा ठरलेला माणूस कुठे आहे?

आणि यंत्रणेला वेगाने काम जमतच नाही, असंही नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 सालचा पूल वाहून गेला, दोन एसटी बस त्यात गेल्या. त्या पुलाची तपासणी मे महिन्यात होऊन तो सुरक्षित ठरला होता. नंतर तिथे नवा पूल बांधला गेला, 165 दिवसांत. जून 2017 मध्ये तो सुरूही झाला. सरकारी यंत्रणा तीच, नदी पावसाळ्यात तशीच वाहणारी. फरक एवढाच की आधी माणसं गेली होती.

आपण काय विचारू शकतो?

‘पूल कधी होणार?’ असं पत्र दिलं तर उत्तर येतं, ‘कार्यवाही सुरू आहे.’ त्यापेक्षा माहिती अधिकारात 10 रुपये भरून फाइलचा प्रवास मागा. माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे आला, त्यांनी त्यावर कोणत्या तारखेला काय शेरा मारला, पुढे कधी पाठवला, त्या टिपणीच्या प्रती द्या. याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. तुमच्या गावातल्या साकवाबद्दल, शाळेच्या गळक्या छपराबद्दल, कशाबद्दलही हे विचारता येतं. अर्जात ‘का उशीर झाला’ असं मात्र लिहू नका. कारण विचारलं की ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं म्हणून अर्ज परत येतो. तारखा मागा, शेऱ्यांच्या प्रती मागा.