तण म्हणून टाकलेल्या पेशी

शेतकरी तण उपटतो तेव्हा पीक कोणते हे त्याला नेमके ठाऊक असते. प्रयोगशाळेत हा निवाडा इतका सोपा नसतो.

उंदराच्या मज्जातंतूत दोन प्रकारच्या पेशी शेजारी नांदतात. टेओडोर श्वान ह्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्वान-पेशी प्रत्येक तंतूला वेढतात; बाहेरील आवरणांना बळकटी देतात त्या तंतुजनक पेशी. काचपात्रात मात्र तंतुजनक पेशी भराभर वाढून श्वान-पेशींना झाकून टाकतात. म्हणून १९७९ साली ब्रॉक्स, फील्ड्स व रॅफ ह्यांनी त्यांना नष्ट करून शुद्ध श्वान-पेशी मिळविण्याची रीत सांगितली. ती उपयुक्त ठरली. परंतु तंतुजनक पेशी म्हणजे केवळ अडगळ, अशी समजूतही तिच्याबरोबर रुजली.

२०१० साली लंडनमधील ॲलिसन लॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, तुटलेल्या मज्जातंतूच्या जखमेत तंतुजनक पेशींचा स्पर्श होताच श्वान-पेशी एकमेकींना बिलगतात आणि दोरीसारख्या पुढे सरकून नव्या तंतूंना वाट दाखवितात.

यंत्रात हात सापडलेल्या कामगाराच्या बोटांत संवेदना परतणे अशाच मार्गदर्शनावर अवलंबून असते. तेव्हा शुद्ध पेशींचा अभ्यास अवश्य व्हावा; परंतु त्याच्या जोडीला दोन्ही पेशी एकत्र वाढवूनही पाहाव्यात. ज्या मुक्या प्राण्याने त्यासाठी जीव दिला, त्याची एकही पेशी विचार न करता टाकून देण्याचा अधिकार आपल्याला नाही.